विल्सनभाऊंची गिटार काचेत जाणार नाही

स्टेला, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मी बोलणार नव्हते. विल्सनभाऊंना वसईला माती देऊन स्टेला, त्यांची पत्नी, परवाच दोह्याला परतली. आल्या आल्या तिने मंडळाच्या ग्रुपवर वाचलं, की भाऊंची गिटार काचेच्या कपाटात, फोटोखाली ठेवायची. मी शेजारीण. मला म्हणाली, "बाई, माझ्याच्याने बोलवणार नाही. तुम्ही सांगा." म्हणून उभी आहे. अवघड आहे, पण सांगते.

हा वसईचा माणूस डोक्यावर काउबॉय टोपी घालून इथल्या हॉटेलात कंट्री म्युझिक गायचा. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी. ट्रक, घोडे, आई, लांबचं घर. समोर लोक जेवत असायचे. कुणी मान वर करायचं नाही. मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, "बाई, त्यांचा घास थांबला तर मॅनेजर मला काढेल."

पण शुक्रवारी? शुक्रवारी अबू हमूरच्या चर्चमधून ते थेट बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पवर जायचे. समोर आपले क्रेनवाले, ड्रायव्हर, वेल्डर. इंग्रजी गाणं त्यांना कळायचं नाही, म्हणून भाऊ आधी गोष्ट मराठीत सांगायचे, मग गायचे. मी एकदा गेले होते. भाऊ सांगत होते, "हा ट्रक ड्रायव्हर आहे. घरी बायको वाट बघतेय."

मागून सांगलीचा हणमंत म्हणाला, "मग सुट्टी टाक म्हणावं की त्याला."

"टाकली रे. मुदीरसाहेब सही करत नाहीत."

सगळे हसले. मग गाणं सुरू झालं, आणि कुणीच हसलं नाही.

रमजानात हॉटेलातलं गाणं बंद. त्या महिन्यात हणमंत भाऊंच्या घरी शिकायला यायचा. "बोटं दुखत्यात, भाऊ." "दुखू देत. आणि हळू धर, क्रेनचा दांडा नाही तो."

काल स्टेलाने त्याला बोलावलं, गिटार घेऊन जा म्हणाली. तो नको म्हणाला. "वहिनी, खोलीत सहा माणसं. गिटार ठेवू कुठं?"

"बेडवर ठेव. तू खाली झोप. लग्न झालं तेव्हा ह्यांनी मलाही हेच सांगितलं होतं."

मग तो हो म्हणाला.

मंडळींनो, तुमचं प्रेम मला कळतं. पण काचेतली गिटार बघायला आपण किती वेळा जाणार? खरं सांगा. कॅम्पवर ती दर शुक्रवारी वाजेल. स्टेलाची तेवढी एकच अट आहे.

आता उभे राहू या. फोन बंद करा. भाऊंसाठी दोन मिनिटं शांत राहू या.

बसा. नोंद करून घ्या. गिटार, तिची काळी पेटी, खांद्याचा पट्टा आणि तारांचा एक न उघडलेला सेट हणमंतने आत्ता सर्वांसमोर स्टेलाच्या हातून घेतला आहे. टोपी ती देणार नाही. कुणी मागूही नका.