बंगईची जागा जिन्यानं खाल्ली

मी मूळची चांदूर रेल्वेकडची. बाप स्टेशनवर हमाल, घर म्हंजे एक खोली, तिच्यातच चूल न तिच्यातच बकरी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठं घर होतं, त्याच्या समोरच्या खोलीत बंगई होती, पितळी कड्यायची, न त्या घरची बाई दुपारी बंगईवर बसून झोके घेत तूर निवडायची. मी बाहेर उभी राहून पाहत राहायची, मायनं हाका मारल्या तरी. तवापासून मले बंगईचं वेड. लगन होऊन मूर्तिजापूरजवळच्या या गावात आली तं अथी बंगई कुठची, मातीचं घर न वर धाबं. पन जाऊ भेटली, कांता. मायी लहानी जाऊ. सख्ख्या बहिनीपेक्षा जास्त हाय ते मले, पन तिच्या तोंडावर नाही सांगत, लय फुगते.

आमी दोघी कुरड्या-पापड करतो, अकोल्याले जाते आमचा माल न अमरावतीलेबी. अंगनात नीम हाय, सावली पडते, म्हनून सारं काम धाब्यावर. गव्हाचा चीक खाली शिजवायचा न गरम गरम परातीत घेऊन शिडीनं वर, कावून का थंडा झाला तं सोऱ्यातून निघत नाही. त्याच शिडीवरून कांता पडली, परातीसकट. पाय मोडला, सळई टाकली डाक्टरनं. चालाले लागली, पन वर चढनं बंद. अन् हात तं तिचाच, काय सांगू ताई तुमाले, तिच्यासारखी कुरडई कोनाले जमत नाही. ते खालून सांगे, मी वर करो, न माह्या कुरड्या म्हंजे निस्त्या जाड दोऱ्या.

ते वर्सं लय खराब होते. कपाशीत काही उरे नाही, गावात लोक वावरं इकत होते, दर दोन-चार घरात काही ना काही वाईट. आमच्या वावरानं हात टेकले तवा कुरड्यायनंच घर चालवलं. त्यात आमी दुमजली घर काढलं, खाली आमी मोठे न वर कांताचे, आमच्याकडं असंच असते, मोठा खाली, लहाना वर. लोक म्हनत, अशा दिवसात घर? मले तं खुशीनं जेवन जात नव्हतं, पन गावात दाखवू कोनाले?

आता ठेकेदार पाहनं म्हंजे पोरीसाठी स्थळं पाहनंच. पयला आला अमरावतीचा इंजिनेर, पोट्टाच होता, त्यानं कंपुटर उघडून घर गोल फिरवून दाखवलं, गुलाबी घर, पुढं गोल ग्यालरी न दारात कार उभी. मी म्हनलं कार कोनाची, थो म्हने तुमचीच समजा काकू. म्हनलं बंगई? त्यानं बटन दाबलं न बसवली बंगई समोरच्या खोलीत. मी तं पागल झाली, आमच्या ह्यायले म्हनलं यालेच देऊन टाका. तं कांता हळूच इचारते, भाऊ, तुमी सोता कोन्त्या घरात राहता? थो म्हने किरायानं राहतो. झालं, ते स्थळ मोडलं.

दुसरा मूर्तिजापूरचाच. कांतानं त्यालेबी तेच म्हनलं, तुमचं घर दाखवा. गेलो. घर झकास, पन जिना गोल, लोखंडाचा, बाहेरून. मी गरागरा चढून आली, कांता ओट्यावर बसून राहिली. मले वाटलं उन्हानं थकली.

मंग अकोल्याचे सलीमभाई, जुन्या शहरातले. आवाज असा का भांडूनच राहिले वाटे. घर दाखवा म्हनल्याबराबर म्हने चलो भाभी, आत्ताच चला. गल्लीतलं अरुंद घर. खाली चहा झाला, मंग माह्या ह्यायचा न सलीमभाईचा वाद सुरू, पायव्याचा खड्डा किती खोल खंदायचा त्याचा. काळी माती हाय, फुगते न फाटते, सलीमभाई म्हने मुरूम लागेलोग खंदीन, नाही तं दुसरा मानूस पाहा. त्या गलबल्यात मी पाहतो तं कांता नाही. पायखान्यात पाह्यलं, गल्लीत पाह्यलं. मंग वरून हासनं आलं. गच्चीवर सलीमभाईच्या अम्मीजवळ बसून कांता मिरच्यायचे डेठ तोडून राहिली होती. मी म्हनलं, कावं, वर कशी आली? ते म्हने, जिन्यानं. पायऱ्या बुटक्या होत्या ताई, रुंद, मधात वळनावर उभं राहाले जागा, अम्मीसाठी केल्या होत्या सलीमभाईनं. माह्या डोयाले पानीच आलं. पडल्यापासून पयल्यांदा वर दिसली ते मले.

मी खाली येऊन म्हनलं, सलीमभाई, असाच जिना पाहिजे. ते म्हने, भाभी, ऐसा जिना पूरा सामने का कमरा खा जाएगा, तुमची बंगई कुठी टांगू? दीर म्हने, वयनी, इचार करा, तुमी जलमभर बंगई बंगई करता. म्हनलं खाऊ द्या. तोंडानं म्हनलं, पन मनात झोका हालून राहिला होता, खोटं काहून बोलू.

आता दोन्ही स्लॅब टाकून झाले, गिलावा बाकी हाय. परवा चीक शिजवला न कांता परात घेऊन चढली. मी मागून, दोन्ही हात पुढं करून. वळनावर थांबली न म्हने, बाई, मांगं सरका, तुमचा पदर माह्या पायात येते. वर गेलो तं तिच्या खोलीत छताले दोन लोखंडी कडे लटकून राहिले. म्हनलं हे कायचे? म्हने, बंगईचे, मी सलीमभाईले सांगून टाकून घेतले स्लॅबच्या आंधीच. दुपारी येत जा वर तूर निवडाले. मी तं चढतो आता, तुमीच पाहा तुमचं चढनं होते का.

असी हाय ते. देवानं तिचा पाय असाच चालता ठेवावा, मले दुसरं काही नाही पाहिजे. पाट सागाचा करून राहिलो, दोघी बसू असा.