जळालेल्या टेकडीवरचे कोंब

स्पेनमधल्या कालातायुदजवळच्या एका गावात सकाळी पावाच्या दुकानापुढे रांग लागली होती. होर्तेन्सियाच्या पुढे एलादियो उभा होता. तेवढ्यात त्याची थोरली बहीण बेनिल्दे धापा टाकत आली. तिचे गुडघे मातीने माखले होते.

“एलादियो, ट्रॅक्टरवाल्याला फोन कर. येऊ नको म्हण.”

“ताई, आधी श्वास घे. द्राक्षाचे वेल आज उपटायचं ठरलंय. बदामाची रोपंसुद्धा आलीत.”

“बदाम घाल चुलीत. आपल्या मळ्यात कोंब फुटलेत.”

“गवत असेल. वणव्यात अख्ख्या टेकडीचा कोळसा झाला, तूच पाहिलंस ना?”

“गवत कुठलं आणि गार्नाचा द्राक्षाचा कोंब कुठला, मला कळत नाही होय? आजोबांनी लावलेली खोडं ती. वरून काळी ठिक्कर, पण बुंध्याशी लालसर कोंब.”

“एखाद्या खोडाला असतील.”

“एक ओळ बघितली, मग दुसरी, मग पळतच सुटले. या वयात पळवलं मला त्यांनी.”

“खरं सांगतेस?”

“हात बघ माझे. राख उकरून बघितलंय.”

“म्हणजे आपली वाइन पुन्हा...”

“दोन-तीन वर्षं दम धर. आधी फोन लाव.”

“मला आकडे नीट दिसत नाहीत. तूच लाव.”

“माझाही चष्मा घरी राहिला. होर्तेन्सिया, तू लावून देतेस?”

होर्तेन्सियाने नंबर लावून फोन एलादियोच्या हातात दिला.

“तुझाही मळा तिथेच वरच्या अंगाला ना गं? उपटलास की काय?” बेनिल्देने तिला विचारलं.

“येत्या परवा उपटायचा होता,” होर्तेन्सिया म्हणाली, आणि पाव न घेताच टेकडीच्या वाटेला लागली.