बारशाचा पत्रा

निळ्या पट्ट्याचा पत्रा. आंब्यांची टोपली. बाकावर झोपलेला कंडक्टर. मालेगावच्या स्टँडवर मोटारीच्या रांगेत हलिमा दोघांच्या मध्ये अडकली होती. पुढे डोक्यावर पत्रा घेतलेला फुलसिंग, मागे गोपीचंद.

“ए भाऊ, तो पत्रा माह्या घरचा हाय! वादळात उडाला.”

“पत्र्यावर नाव लिवलेले गोपीचंद तुमीच काय? तुमाले द्याले तर निघालो, दादा.”

“कुठं गावला?”

“माह्या झोपडीवर. गवताचं छप्पर उडालं अन् हा येऊन भिंतीवर बसला. खाली सून अन् तिची तान्ही लेक, दोघी कोरड्या.”

“अन् आमी समदे भिजलो! दुकानदार म्हने, पत्रा तीस वर्सं टिकते.”

“टिकनच न.”

“हो, पन कोनाच्या घरावर, हे नाही सांगतलं त्यानं.”

हलिमाने पदरात हसू दाबलं.

“घ्या, धरा.”

“कायले? तुह्यं गवत किती टिकते?”

“पावसानं सडते. दोन पावसाळे, लई झालं.”

“मंग वापस ने. मी घरावर मातीचे कवेलू चढवून राह्यलो आता. पोरीच्या बारशाचा आहेर समज.”

“लई उपकार झाले, दादा.”

“वाऱ्याचे मान. मले कुठं विचारलं त्यानं?”

मोटार आली. हलिमाने पत्र्याचं एक टोक धरून फुलसिंगला रांगेबाहेर वाट करून दिली.

वादळ दुपारी तीनला आलं होतं. पोरगी अडीचला जन्मली होती.