लाइट गेली की

आम्ही मूळचे पडघ्याकडचे, माझे बाबा टेमघरला आले ते लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग चालवायला, आणि आमच्या सगळ्या घराण्यात बीए झालेली मी पहिली, हे मी कुणालाही सांगते, त्यात लाजायचं काय. बाबांचा आवाज म्हणजे काय सांगू तुम्हाला, आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं, घरात मीठ मागितलं तरी शेजारची काकी मीठ घेऊन यायची.

दुपारी लोडशेडिंग झालं की गल्लीतले सगळे लूम एकदम थांबायचे आणि बाबा घरी यायचे, दारातूनच ओरडायचे, चहा टाक. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्यांना लूमच्या मोटरचा शॉक लागला, जागीच गेले. त्या दिवशी कारखाना बंद केला तेव्हाही असंच सगळं गप्प झालं होतं, त्या गप्प होण्याचीच भीती बसली आम्हाला.

माझी धाकटी बहीण पिंकी सहा वर्षांची, तेव्हा मामाकडे होती. मामा म्हणाला, पोरीला इतक्यात सांगू नका. ती परत आली तर मीच सांगितलं, बाबा डबल ड्युटीला आहेत. शिकलेली ना मी, खोटंही सफाईनं बोलले. तिला कळू नये म्हणून आईनं पुसलेल्या कपाळावर परत टिकली लावली, म्हणाली, मला भ्या वाटतंय गं, पाप तर न्हाय ना.

आणि रोज लाइट गेली की पिंकी बाबांचा पेला घेऊन दारात. लाइट गेली म्हणजे ड्युटी सुटली, तिचं बरोबरच होतं.

एका दुपारी दार उघडं आणि पिंकी नाही, पेलाही नाही. मी अनवाणी पळाले. ती कारखान्याच्या फाटकात कामगारांना विचारत होती, मेरे बाबा छूटे क्या? मी तिथंच पायरीवर बसले आणि सांगितलं, पिंकी, बाबा मेले. मी खोटं बोलले.

ती रडली, खूप रडली, मग म्हणाली, आता चहा कोण मागणार?

संध्याकाळी आईनं टिकली काढली.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली, कुणी हललं नाही, आणि दारातून जाडा आवाज, चहा टाक. आईच्या हातातली परात पडली, काकी धावत आली, बघते तर पिंकी, कमरेवर हात. आई हसता हसता रडली, बापाचा गळा चोरलास गं, म्हणाली, आणि आधण ठेवलं.

आता मी शाळेत शिकवते. लाइट गेली की अजून माझे हात गार पडतात, खोटं कशाला सांगू. मग पिंकी ओरडते. तिचा गळा असाच मोठा राहू दे.