तारीख घालून दोन प्रती

हॅलो?... हॅलो! हां, बोल गं. थांब थांब, जिन्यात येते. आत सगळे कान टवकारून बसलेत... हां, आता बोल.

अगं, रडतेस काय? आई बरी आहे ना?... आणि बाबा?... तेही बरे. मग सगळे बरे असताना भोकाड कशाला पसरलंयस?

हं... हं... कोणी मोडला? बाईंनी? सगळ्यांसमोर?

अच्छा, आज शुक्रवार नाही का!

हसत नाहीये गं. शप्पथ!... बरं, थोडीशी हसले. अगं, दर शुक्रवारी बाई कुणाचा तरी डेटाबेस मुद्दाम मोडतात आणि तो परत उभा राहीपर्यंत वर्गात कुणालाच चहा मिळत नाही, हे मी तू नाव घालायच्या आधीच सांगितलं होतं. होतं की नव्हतं?... मग! दुसऱ्यांचा मोडला तेव्हा मजा वाटली, आणि आपल्यावर आल्यावर...

हो, हो, माहितीये. दोन महिने खपलीस. पाळणाघराचा प्रोग्रॅम. कुठल्या मुलाला न्यायला कोण येणार, कुणाला दूध चालत नाही... अगं, बघितलाय मी! रविवारी दोन तास दाखवलास. माझा भात लागला त्या नादात.

काय? क्लास सोडणार?

तक्रार? कसली तक्रार?... वाच बरं... हं... 'मानसिक छळ'... हं... 'शिकवण्याऐवजी मोडतोड'... 'तात्काळ कामावरून'... कुणी लिहिलंय हे? तू? भाषा तर वकिलाची वाटतेय. सह्या किती झाल्या?... नऊ? बाप रे!

आणि क्लासच्या संचालकांनी बाईंना मागेच बजावलंय ना, की आणखी एक तक्रार आली तर घरी बसावं लागेल?... म्हणजे तुला हे ठाऊक आहे. ठाऊक असूनही तू...

दहावी सही माझी? जुनी विद्यार्थिनी म्हणून?

अगं ऐक ना... हो, हो... अगं ऐक तर! पत्र दिलंस का कुणाकडे?... हातातच आहे ना? बस. घडी घाल, पर्समध्ये ठेव. दहा मिनिटं माझं ऐक, मग खुशाल दे. आज माझी नोकरी जात होती.

हो, आज. सकाळी... थट्टा कशाला करू? पायरीवर बसूनच बोलतेय.

सांगते. तुला माहितीये, मी डायलिसिस विभागाचा डेटाबेस सांभाळते. दोनशे बारा पेशंट. कोण कधी येणार, कुठल्या मशीनवर बसणार, कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, सगळं त्यात. तर त्यातले एक आजोबा मुलाकडे राहायला गेले, दुसऱ्या गावी. म्हटलं, त्यांच्या पुढच्या वेळा काढून टाकू, कुणाला तरी मिळतील. एवढंसं काम! दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ: वेळा काढून टाका. दुसरी ओळ: फक्त ह्या आजोबांच्या. माउसनं दोन्ही निवडायच्या आणि बटण दाबायचं.

हां... बरोबर. दुसरी निवडायची राहिली.

सगळ्यांच्या गं! दोनशे बारा जणांच्या! क्षणात. पडद्यावर आलं, काम यशस्वी झालं म्हणून. मेलं, यशस्वी म्हणे!

काय होणार? तेवढ्यात वॉर्डातून सिस्टरचा फोन. "ताई, इकडे पडदा कोरा झालाय. एक वाजताची बॅच येईल. काविळीचे सहा जण वेगळ्या मशीनवर बसतात, ते कोण ते मला सांगा. मी कालच बदलीवर आलेय, मला तोंडपाठ नाहीत."

नाही ना! तीच तर भीती. काविळीवाल्याच्या मशीनवर दुसरा बसला आणि त्यालाही लागण झाली म्हणजे... नको, बोलवत नाही मला.

साहेब? साहेब येऊन खुर्चीमागे उभे. त्यांचा चष्मा मला समोरच्या पडद्यात दिसत होता.

हो ना. आणि मी काय करणार होते सांगू? घाबरून लगेच काहीतरी दाबणार होते. कालच्या रात्रीची प्रत आहे ती टाक त्याच्यावरच, म्हणजे सुटले. बोट बटणावर होतं; दाबलं असतं तर आज सकाळचं सगळं कायमचं पुसलं असतं. आणि तेवढ्यात कानात आवाज आला... अगं, खरंच आला! "हात मांडीवर! आधी वही!"

हां, तोच! तोच तो आवाज, ज्याला तू सकाळपासून शिव्या घालतेयस. आम्हीसुद्धा घालायचो. तोडफोडबाई म्हणायचो आम्ही... अजून तेच म्हणता? बघ, परंपरा आहे.

तर मी हात मांडीवर ठेवले. साहेबांना वाटलं असेल, हिला चक्कर येतेय. वही काढली, लिहिलं: अकरा वाजून आठ मिनिटं. काय केलं, कुठल्या ओळीनं केलं. लिहिता लिहिता श्वास जागेवर आला बघ. मग रात्रीची प्रत काढली, पण जुन्यावर नाही टाकली, शेजारी वेगळी उभी केली. त्याच्यावर आज सकाळपासूनच्या लॉगमधल्या नोंदी चढवल्या. कुठपर्यंत? अकरा वाजून सातपर्यंत. आठ नाही, सात! वहीत वेळ नसती ना, तर मला आठवलीच नसती. डोकं बधिर झालं होतं.

लॉग? अगं, सकाळपासून कुणी काय बदललं त्याची टिपणं कॉम्प्युटर स्वतः ठेवतो ती. म्हणजे तू अजून तिथपर्यंत आलीच नाहीस? आणि क्लास सोडायला निघालीस!

आले. सगळेच्या सगळे आले. दोनशे बारा. आजोबांसकट! मोजले, सिस्टरकडून दहा नावं फोनवर पडताळली, मग जागेवर नेऊन ठेवले. बारा अठराला पडदा सुरू. एकच्या बॅचला कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. सहाच्या सहा काविळीवाले आपापल्या मशीनवर.

साहेब? साहेब म्हणाले, "हे कुठे शिकलात?" अगं, मला रडूच फुटलं. तोपर्यंत टिपूस नव्हता डोळ्यांत. चाळिशी उलटलेली बाई मी, खुर्चीत बसून हुंदके देतेय. म्हटलं, "साहेब, बावीस शुक्रवार चहावाचून काढलेत."

हो. बावीस. मी मोजायचे. रागानं मोजायचे.

आता शेवटचं सांगते. हे कुणालाच सांगितलेलं नाही, आईला पण नाही. बाईंविरुद्धची ती मागची तक्रार... निनावी... कुणी केली होती, माहितीये?

मी.

हो, मी. ओरडू नकोस. केली. तुझ्यासारखीच रडत होते, माझं पण असंच सगळं मोडलं होतं, वर्गातली विशीतली पोरं हसत होती. वाटलं, ही बाई माझा पाणउतारा करायला टपलीये. टाइप केलं, छापलं आणि टाकलं संचालकांच्या पेटीत. आणि नंतर त्याच बाईंनी शिकवलेल्यावर नोकरी मिळवली, दोन वर्षांत एक फोन केला नाही. गरज सरो, वैद्य मरो! आज ते सहा लोक... मी कुठल्या तोंडानं...

रडत नाहीये. जिन्यात धूळ आहे.

तर तू आता काय करायचं ते कर. पण आधी सांग, तुझ्याकडे प्रत आहे का प्रोग्रॅमची?... बुधवारची? मग रडतेस कशाला, वेडे! बुधवारची आहे म्हणजे दीड-दोन दिवसांचंच गेलंय. जा, बस आणि परत आण. तिकडे सगळा वर्ग चहासाठी तुझ्या नावानं खडे फोडत असेल...

कोण बोलतंय मागे? कुणाचा आवाज तो?... बाई? तुला शोधत आल्या?... दे. फोन दे त्यांना. दे म्हणते ना!

...

हॅलो... बाई, नमस्कार. मी... हो, हो, हिची मोठी बहीण. ओळखलंत?... नाही हो, आवाज ठीक आहे, सर्दी झालीये.

बाई, आज माझ्या हातून... हो. शेवटची ओळ निवडायची राहिली... हो, हात मांडीवर ठेवले... हो, वही... नाही नाही, जुन्यावर नाही टाकली, शेजारीच... सगळं आलं, बाई. तुमच्यामुळे आलं.

किती वेळ? एक तास दहा मिनिटं... जास्त झाला?... चाळीस मिनिटांत व्हायला हवं होतं. हो, बाई. चुकलं, बाई.

बाई, मला तुमचे आभार मानायचेत. नाही, मानू द्या. आणि आधी एक कबूल करायचंय. मागे ती निनावी तक्रार गेली होती ना, ती मी...

काय?

माहीत होतं? कधीपासून?... दुसऱ्याच दिवशी? पण मी तर नाव... वर्गातल्या कॉम्प्युटरवर, माझ्याच फोल्डरमध्ये?... दोन प्रती?... तारीख घालून?

अरे देवा!

हो, तुम्हीच शिकवलं होतंत. कुठलाही कागद असो, तारीख घालून दोन प्रती, दोन जागी... अहो, हसताय काय बाई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय!... आणि तरी इथे दवाखान्यात माझं नाव तुम्ही सुचवलंत? मला वाटलं, जाहिरात बघून... 'तक्रारीचासुद्धा बॅकअप ठेवणारी मिळते कुठे'... असं म्हणालात आमच्या आधीच्या साहेबांना? ह्याच शब्दांत?

नाही बाई, सर्दी नाही. रडतेय.

मी उद्या येते. आधी संचालकांकडे जाते, माझ्या नावानिशी ती तक्रार मागे घेते, मग वर्गात येते... येणार म्हणजे येणार! पोरांना आजचं सगळं सांगते. एकदा ऐकू दे त्यांना.

ती? ती काय करतेय?... कॉम्प्युटरवर बसली? खरंच?... कागद फाडला? कुठला कागद, बाई? मला काय माहीत... दुसरी प्रत ठेवलीये का विचारताय? असेल हो. तुमचीच विद्यार्थिनी. तीही फाडायला सांगते.

बरं बाई, ठेवू? पुन्हा एकदा खरंच... हो? विचारा ना.

सगळं परत आणल्यावर नवीन प्रत, बॅकअप?

...

नाही घेतला.

हो बाई. हो, धावते. आत्ता धावते. ठेवते बाई, ठेवते!