डुकराच्या नावाचा मासा

— नाही, माझ्या आठवणीचा आता भरवसा नाही, तात्याराव, पण तुम्ही सांगताय तसं ते घडलं नव्हतं. बसा. उद्या तुमच्या नातीला, मैत्रीला बघायला मंडळी येणार, मी यायचं पण तोंड उघडायचं नाही — एवढंच सांगायला कोथरूडहून आलात? फोन होता की. आमच्या अस्मिताचं स्थळ मी घालवलं म्हणून? घालवलं असेन. माझ्या बायकोला, तुमच्या बहिणीला, मंदाकिनीला शेवटपर्यंत तसंच वाटत होतं. पण मुलाच्या आईनेच विचारलं ना, मुलगी पीएचडी कशावर करते — अस्मिता गप्प, हातात पोह्यांच्या बश्या, कोणीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, पॉरपॉइजवर, डॉल्फिनचा बुटका चुलतभाऊ, आपल्या कोकणच्या समुद्रात असतो. तिथे थांबायला हवं होतं, मान्य. पण त्या म्हणाल्या, नाव गोड आहे हो. आता जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाने काय करायचं? सांगितला अर्थ — लॅटिनमधून आलंय, डुकरासारखा मासा — आणि तो मासाही नव्हे, हेही सांगितलं. डुकरावर जरा जास्तच बोललो असेन. त्यांनी बशी खाली ठेवली, एवढं आठवतं. रागाने ठेवली की पोहे संपले होते, ते मला सांगता येत नाही.

तुम्हाला बरं सांगता आलं. दुसऱ्या दिवशी, याच खुर्चीत — ‘प्रोफेसर, तुमच्या डुकराने घात केला, तिकडून नकार आलाय.’ त्यानंतर मंदाकिनीने मला चार माणसांत बोलू दिलं नाही. मी नमस्कार म्हटलं की पुढचं वाक्य ती घ्यायची. दवाखान्यातसुद्धा — डॉक्टरांनी मला काही विचारलं, तर हिने पडल्या पडल्या ओठांवर बोट ठेवलं... जाऊ दे. चहा ठेवू? नको ना, बरं झालं, दूध नाहीये.

उठू नका. ती गेल्यावर अस्मिता रत्नागिरीहून आली, तेव्हा त्या नकाराबद्दल बोलली होती; मला पटलं नाही, दुःखात माणूस काहीही बोलतं. मग इतक्या वर्षांनी, परवा, त्या स्थळाचा मुलगा, आमोद, बँकेत भेटला — त्याला विचारलं. नकार तिकडून आलाच नव्हता, तात्याराव. मला लग्न करायचं नाही, हे अस्मिताने पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच तुम्हाला सांगितलं होतं; आणि पोहे खाऊन ते घरी पोचल्यावर त्यांना नकार तुम्हीच कळवला होतात.