बाटलीतलं चांदीचं पाणी

नाही सिस्टर, हळदीशिवाय काही नाही — म्हणजे हळद आत्यांनी लावली, माझ्या सासूबाईंनी, मी कॉलेजात कामावर होते तेव्हा. वरकुट्याला आमचा ऊस नुकताच तुटून गेलाय ना, माझी लेक संस्कृती अनवाणी रानात पळाली आणि उसाचा बुडखा घुसला तळपायात. चार वर्षांची आहे, चप्पल टिकते कुठं पायात! मी घरी आले, हळद धुऊन काढली, वर आत्यांना ऐकवलं — हळदीत जंतू असतात म्हणून. मी एमएस्सी, सूक्ष्मजीवशास्त्र. पावावर ठिपकाभर बुरशी दिसली तर अख्खा पुडा उकिरड्यावर टाकणारी बाई.

धुऊन मग काय लावलं? मग... थांबा, लिहू नका लगेच. माझी बोटं बघा आधी. हे काळे डाग रोजच्या कामाचे, चांदीच्या क्षाराचे. बारामतीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते मी — उसाच्या रानातल्या मातीतली बुरशी वाढवायची, ती पाण्यात ठेवायची, ते पाणी गाळून त्यात चांदीचा क्षार घालायचा आणि अंधारात ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं होतं — चांदीचे कण झाले, डोळ्यांना न दिसणारे. काचेच्या बशीत जंतू वाढवून वर त्याचा थेंब सोडला की भोवती स्वच्छ गोल पडतो, तिथं एक जंतू जगत नाही. मी मोजलेत ते गोल, सिस्टर, पट्टी लावून! आणि पोरीची जखम पिकायला लागली — तुम्ही काय केलं असतं? इथं आणलं असतं, बरोबर. मी पर्समधून त्याच पाण्याची बाटली आणली.

तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, कापसानं. कडेची कातडी काळी पडली तेव्हा घाबरलेसुद्धा नाही — माझ्या बोटांसारखंच, चांदीचा डाग, जाईल म्हटलं. आज दाबून पाहिलं तर काळं होतं ते मऊ लागलं. डाग मऊ नसतो ना हो? आणि ताप एकशे तीन.

मग आठवलं. बारीक गाळणी संपली होती, ती बाटली मी साध्या गाळणकागदातून गाळलेली — प्रयोगापुरती चालते म्हणून. बुरशीचे बीजाणू त्यातून सहज जातात. चांदीनं मेले असतील कदाचित. कदाचित! मी जंतू मारत होते की बुरशी पेरत होते, मलाच माहीत नाही — आणि डॉक्टर तर नुसतं जंतूंचं औषध देतायत, बुरशीला ते लागू पडत नाही. आता लिहा. ॲस्परजिलस, त्या बुरशीचं नाव. कुठली जात ते नक्की नाही, प्रयोगशाळेचा अहवाल यायचाय. चांदीचा क्षारही लिहा. हो, मी लावलं. मीच.

बाहेर रडतायत ना, त्या आत्या. "म्या हळद लावली न् लेकराचा पाय नासला" — सकाळपासून हेच. तुमच्या हळदीनं नाही, असं मी एकदाही म्हटलं नाही, सिस्टर. गाडीत आमच्या यांनी विचारलं, हळदीनं असं होतं का गं? मी म्हटलं, होऊ शकतं. किती पटकन म्हटलं!

पाय कापावा लागतो का हो अशात — नको, नका सांगू. हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आधी, धावत जा. आणि जाताना आत्यांना आत पाठवा. तुम्ही काही बोलू नका त्यांच्याशी, मलाच सांगायचंय. जा ना, सिस्टर.